स्वस्त अक्षरांची श्रीमंती

स्क्रॅबलच्या इंग्रजी संचातल्या शंभर टाइल्स समोर मांडा आणि त्यांच्यावर छापलेल्या गुणांची बेरीज करा. ती येते 187. म्हणजे एका टाइलच्या वाट्याला सरासरी दोन गुणही येत नाहीत. तरी दोन मुरलेले खेळाडू समोरासमोर बसले की दोघांचे मिळून सातशे-आठशे गुण होणं ही नेहमीची गोष्ट. छापील 187 गुणांचे आठशे होतात कसे? विस्कटलेल्या सात अक्षरांतून भरघोस गुणांचा शब्द काढण्याची सगळी विद्या या एका प्रश्नाभोवती फिरते.

नव्यानं खेळायला लागलेल्या माणसाची नजर आधी महागड्या अक्षरांवर जाते. क्यू आणि झेड प्रत्येकी 10 गुणांचे, जे आणि एक्स 8 गुणांचे. यातलं एखादं हाती आलं की तो हरखतो आणि त्याला शोभेल असा शब्द जमेपर्यंत चार-चार खेळ्या ते अक्षर कवटाळून बसतो. त्याच वेळी ई, ए, आय, एन, आर, टी ही एकेका गुणाची अक्षरं मात्र मिळेल त्या जागी खर्चून मोकळा होतो. हा हिशेब नेमका उलटा आहे. मोठे गुण मिळवून देण्याची ताकद सगळ्यात जास्त असते ती या एका गुणाच्या अक्षरांतच.

असं का, हे कळायला ज्या माणसानं हे गुण ठरवले त्याच्याकडे जायला हवं. आल्फ्रेड मोशर बट्स हा न्यूयॉर्कमधला वास्तुविशारद. महामंदीत बांधकामं थांबली आणि 1931 च्या सुमारास त्याची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्यानं खेळांचा अभ्यास मांडला. काही खेळ निव्वळ फाशांच्या दैवावर चालतात, काही बुद्धिबळासारखे निव्वळ बुद्धीवर. दोन्हींचा मेळ घालणारा शब्दांचा खेळ करायचा, हे त्यानं मनाशी ठरवलं. एडगर अ‍ॅलन पो याच्या 1843 मधल्या ‘द गोल्ड बग’ या कथेत एक सांकेतिक मजकूर उलगडला जातो, तो कोणतं चिन्ह किती वेळा आलं हे मोजून. बट्सला वाट तिथं सापडली असं सांगतात. त्यानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या वर्तमानपत्रांची पानं घेतली आणि एकेक अक्षर हातानं मोजत गेला. जे अक्षर वारंवार येतं त्याच्या टाइल्स जास्त आणि गुण कमी. जे क्वचित येतं त्याची टाइल एखादीच आणि गुण भरपूर.

त्या मोजदादीतून आलेली वाटणी जवळपास जशीच्या तशी आजही चालते. ई च्या 12 टाइल्स, ए आणि आय च्या नऊ-नऊ, ओ च्या आठ, एन, आर आणि टी च्या सहा-सहा. पाच स्वरांच्या मिळून 42, व्यंजनांच्या 56 आणि दोन कोऱ्या, ज्या कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात. शंभरातल्या 68 टाइल्स केवळ एका गुणाच्या आहेत. उलट क्यू, झेड, जे, एक्स आणि के यांची एकेकच. बट्सनं डोळे झाकून आकडे उतरवले नाहीत, हेही या वाटणीत दिसतं. चालू इंग्रजी मजकुरात एच हे अक्षर भरपूर येतं, कारण ‘द’ हा शब्द पावलोपावली लागतो. पण वाक्यात येणं वेगळं आणि निरनिराळ्या शब्दांत येणं वेगळं. एच च्या टाइल्स दोनच आहेत आणि गुण चार. एस ची गोष्ट याच्या उलट बाजूची. इंग्रजीत शेवटी एस लावला की अनेकवचन तयार. खेळ फार सोपा होऊ नये म्हणून एस च्या टाइल्स चारच ठेवल्या.

बट्सच्या खेळाची नावं बदलत गेली, खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तो नाकारला. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो यानं तो हाती घेतला, पटावरची घरं थोडी हलवली, नियम सुटसुटीत केले आणि ‘स्क्रॅबल’ हे नाव दिलं. 1949 मध्ये त्यानं 2,400 संच बनवले आणि वर्षाअखेर 450 डॉलरचा तोटा सोसला. तीन-चार वर्षांतच मागणी इतकी वाढली की ती पुरवणं त्याच्या आवाक्याबाहेर गेलं. बट्स राहायचा न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागात, आणि तिथल्या चर्चमध्ये शेजाऱ्यांना घेऊन त्यानं खेळाच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्या ठिकाणी 35 व्या अव्हेन्यूची एक पाटी आहे. तिच्यावर प्रत्येक अक्षराच्या पायाशी त्याचे स्क्रॅबलमधले गुण लिहिले आहेत. जॅक्सन हाइट्सला आज आपली माणसं ओळखतात ती डाळ-तांदूळ, साड्या आणि सोन्याच्या दुकानांमुळे. खरेदीला गेलेल्यांनी थोडं पुढं चालून ती पाटी जरूर पाहावी.

आता मूळ मुद्दा. बट्सनं किमती ठरवल्या त्या दुर्मिळतेवरून. पण खेळात एक नियम असा आहे की हातातल्या सातही टाइल्स एका खेळीत लावल्या तर वर 50 गुण मिळतात. हा एक नियम किमतीचं सगळं गणित फिरवतो. समजा तुमच्या रॅकवर, म्हणजे टाइल्स मांडायच्या पट्टीवर, ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं आहेत. प्रत्येक एका गुणाचं. सगळ्यांची किंमत सात. यातून ‘रिटेन्स’ होतो, ‘रेटिनाज’ होतो, ‘नॅस्टियर’ होतो, ‘स्टेनर’ होतो, चुळबुळ्या माणसासाठीचा ‘अँट्सियर’ होतो आणि राळेचा वास असलेल्या ग्रीक वाइनचं नाव ‘रेट्सिना’ही होतं. यातला कुठलाही शब्द लावा, पटावरची रंगीत घरं सोडूनही 57 गुण. दुसऱ्याच्या हातात क्यू आणि झेड दोन्ही आले, त्यानं ‘क्विझ’ लावला, तर त्याचे 22. दुर्मिळ अक्षर एकटं श्रीमंत असतं. नेहमीची अक्षरं मात्र एकमेकांशी सहज जुळतात, आणि सातच्या सात टाइल्स एकदम लावायच्या तर हे जुळणंच कामाला येतं.

हे जुळणं डोळ्यांना दिसायचं कसं? सात वेगवेगळी अक्षरं 5,040 प्रकारे मांडता येतात. एक ते सहा अक्षरांचे तुकडेही धरले तर मांडण्या होतात 13,699. एकेक मांडणी तपासत बसलं तर घड्याळ संपेल. स्पर्धेत तर सगळ्या डावासाठी प्रत्येकाला जेमतेम 25 मिनिटं असतात. पण अक्षरांचा क्रम विसरून ‘कोणती अक्षरं’ एवढंच विचारलं, तर सात अक्षरांतून निघणारे गट फक्त 127. 13,699 वरून 127 वर! सगळी युक्ती या उडीत आहे. शब्दकोशातला प्रत्येक शब्द घ्यायचा आणि त्याची अक्षरं वर्णानुक्रमानं लावून टाकायची. मग ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’ आणि ‘नॅस्टियर’ हे तिन्ही ए-ई-आय-एन-आर-एस-टी या एकाच किल्लीखाली येतात. संगणक अशाच किल्लीनं विस्कटलेला शब्द क्षणात शोधतो, आणि स्पर्धेत उतरणारी माणसंही तेच करतात. टाइल्स उचलल्या की ते त्या आधी वर्णानुक्रमानं लावतात, कारण घरी बसून त्यांनी शब्द पाठ केलेले असतात ते याच ओळखीसह. त्यांना शब्द सुचण्याची वाट पाहावी लागत नाही, चेहरा ओळखीचा असला की नाव आठवतं.

ज्यांना हजारो शब्द पाठ करायचे नाहीत, त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आहे, आणि मला तो या खेळातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. खेळाडूंनी सहा-सहा अक्षरांचे असे गट शोधून ठेवले आहेत की त्यात जवळपास कुठलंही सातवं अक्षर मिळवलं तरी शब्द तयार होतो. टी, आय, एस, ए, एन, ई हा त्यातला सगळ्यात गाजलेला गट. ही अक्षरं जोडून ‘टिझान’ हा काढ्यासारख्या पेयाचा शब्द होतो, म्हणून गटाचं नावही तेच पडलं. त्यात डी आला की ‘इन्स्टेड’. जी आला की ‘सीटिंग’ किंवा ‘टीझिंग’. के आला तर ‘इन्टेक्स’, एल आला तर ‘सेलियन्ट’, एम आला तर ‘इन्मेट्स’, पी आला तर ‘सेपियन्ट’, यू आला तर ‘आंटीज’, व्ही आला तर ‘नेटिव्ज’ आणि झेड आला तर ‘झेनियस्ट’. हा गट हातात धरून ठेवला की पिशवीतून पुढचं अक्षर कुठलंही येवो, दार बहुधा उघडतंच. ‘सॅटायर’ आणि ‘रेटिना’ हे असेच दोन गट. तिन्ही गटांत एकही महाग अक्षर नाही, हे लक्षात घ्या.

गट पाठ नसला तरी डोळ्यांना वळण लावता येतं. इंग्रजी शब्दांना शेपट्या असतात: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, आय-ई-आर, ई-एस-टी. तशीच डोकी असतात: आर-ई, यू-एन, आय-एन, ओ-यू-टी. ही अक्षरं हाती आली की रॅकच्या एका कडेला सारावीत आणि उरलेल्या चार-पाच अक्षरांचाच विचार करावा. सात अक्षरांचा गुंता चार अक्षरांवर आला की अर्धं काम झालं. आणि टाइल्स सतत हलवत राहाव्यात. एका क्रमात काही काळ पाहिलेली अक्षरं त्याच क्रमात डोक्यात बसतात आणि त्यांचा एक खोटा शब्द तयार होतो. मग समोरचा खरा शब्द दिसेनासा होतो. हात हलला की तो खोटा शब्द मोडतो.

इथवर सगळा विचार रॅकचा झाला. पण गुण रॅकवर मिळत नाहीत, पटावर मिळतात. पटावर 225 घरं आहेत आणि त्यातली 61 रंगीत: अक्षराचे गुण दुप्पट-तिप्पट करणारी आणि अख्ख्या शब्दाचे दुप्पट-तिप्पट करणारी. एक छोटं उदाहरण पाहा. अक्षर तिप्पट करणारं एक घर मोकळं आहे. त्याच्या डाव्या हाताला ए आहे आणि वरच्या बाजूला ओ. तिथं तुम्ही फक्त एक्स ठेवलात. आडवा शब्द झाला ए-एक्स, म्हणजे कुऱ्हाड. उभा झाला ओ-एक्स, म्हणजे बैल. एक्सचे 24 अधिक 1, असे दोन्हीकडे 25. एका टाइलचे 50 गुण! महाग अक्षराची खरी जागा ही: लांबलचक शब्दात नव्हे, दोन शब्दांच्या कोपऱ्यात, रंगीत घरावर. आणि अशा कोपऱ्यांसाठी लागतात ते दोन अक्षरी शब्द. कॉलिन्स शब्दकोशाच्या 2019 च्या स्क्रॅबल यादीत ते 127 आहेत. एका आठवड्यात पाठ होतील एवढेच. जास्त गुण हवे असलेल्या कुणालाही मी आधी हेच सांगेन, की मोठे शब्द नंतर, आधी हे 127.

पटाची ताकद किती, ते दोन प्रसिद्ध खेळ्यांवरून कळतं. 1982 मध्ये मँचेस्टरला कार्ल खोशनाव यानं ‘कॅझीक्स’ हा शब्द लावून एका खेळीत 392 गुण मिळवले. सी, ए, झेड, आय, क्यू, यू, ई, एस ही आठ अक्षरं. वेस्ट इंडीजकडच्या मूळ रहिवाशांच्या मुखियांसाठीचा हा शब्द. अक्षरांची छापील बेरीज फक्त 28. मग 392 आले कुठून? उलटा हिशेब करू. सात टाइल्सचे 50 वजा केले की उरतात 342. पटाच्या कडेला शब्द तिप्पट करणारी घरं अशा अंतरावर आहेत की आठ अक्षरी शब्द त्यातली दोन व्यापू शकतो, आणि मग गुण नऊपट होतात. 342 भागिले 9 म्हणजे 38. आणि 28 चे 38 होतात ते दहा गुणांचा क्यू अक्षर दुप्पट करणाऱ्या घरावर पडला की. कडेच्या ओळीत ते घर अशा शब्दाच्या चौथ्या किंवा पाचव्या अक्षराखाली येतं. ‘कॅझीक्स’चं पाचवं अक्षर क्यूच आहे. 2006 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला मायकेल क्रेस्टा यानं ‘क्विक्झोट्री’ लावून 365 गुण घेतले, त्याचा हिशेबही असाच सुटतो. छापील बेरीज 27; एक्स दुप्पट झाल्यानं 35; त्याचे नऊपट 315; अधिक 50. तो डाव त्यानं 830 गुणांवर संपवला. क्यू, झेड, एक्स या शब्दांत आहेत खरे, पण 28 आणि 27 वर थांबले असते ते शब्द, सातही टाइल्स लागल्या नसत्या आणि शेजारची अक्षरं जुळली नसती तर.

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्याकडे घरगुती खेळात कुणाचंच लक्ष नसतं. खेळी झाल्यावर हातात काय उरलं? समजा एक शब्द 24 गुणांचा आहे, पण तो लावल्यावर हातात यू, यू, व्ही राहतात. दुसरा 19 गुणांचाच, पण त्यानंतर ई, आर, एस उरतात. जाणता खेळाडू दुसरा शब्द लावेल. पाच गुण आत्ता सोडून तो पुढच्या खेळीतल्या 50 गुणांची शक्यता विकत घेतो. अशा हिशेबात अनुभवी लोक हाती राखलेल्या एका एस ची किंमत साधारण आठ गुण धरतात आणि कोऱ्या टाइलची पंचवीस ते तीस. कोऱ्या टाइलवर छापलेले गुण शून्य, आणि तीच संचातली सगळ्यात मौल्यवान टाइल! छापील किंमत आणि खरी किंमत यांच्यातलं अंतर याहून स्पष्ट कुठं दिसणार?

संगणकालाही हे शिकावं लागलं. 1988 मध्ये अँड्र्यू अ‍ॅपेल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबलचा अतिशय वेगवान प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्यांनी सगळा शब्दसंग्रह एका जाळ्यात गुंफला: ज्या शब्दांची सुरुवात सारखी त्यांची वाट सुरुवातीला एक, ज्यांचा शेवट सारखा त्यांची वाट शेवटी एक. एकेक अक्षर पुढं जायचं आणि पुढं वाट नसेल तर तिथूनच परतायचं. यामुळे पटावर बसणारी प्रत्येक खेळी क्षणार्धात सापडू लागली. पण सगळ्यात जास्त गुणांची खेळी सापडणं आणि सर्वोत्तम खेळी निवडणं, हे एक नव्हतं. ब्रायन शेपर्ड याचा ‘मॅव्हन’ हा प्रोग्रॅम जगज्जेत्यांच्या तोडीचा झाला, तो उरलेल्या टाइल्सचं मोल जाणून आणि पुढचा डाव मनात खेळून पाहून. न दिसणाऱ्या टाइल्समधून प्रतिस्पर्ध्याला कुठलीही सात अक्षरं द्यायची, दोन-चार खेळ्या पुढं जायचं, परत यायचं, पुन्हा वेगळी सात द्यायची. असं असंख्य वेळा करून कोणती खेळी सरासरीनं फळते ते पाहायचं.

बट्सच्या किमती आता जुन्या झाल्या, असंही म्हटलं जातं. 2013 मध्ये जोशुआ लुइस या संशोधकानं आजच्या शब्दसूचीवरून नव्यानं हिशेब केला, तेव्हा एक्स 8 वरून 5 वर आणि झेड 10 वरून 6 वर आला. कारण बट्सच्या काळी मान्य नसलेले कितीतरी छोटे शब्द सूचीत आले आहेत. क्यू पाहा. इंग्रजीत क्यू मागं यू असल्याशिवाय सहसा चालत नाही, म्हणून तो अवघड. पण क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द मान्य झाला, चिनी विचारातली प्राणशक्ती म्हणून, आणि क्यू ची बेडीच तुटली. यू शिवायचे असे आणखी शब्द आले ते अरबी-फारसीच्या वाटेनं, आणि त्यातले काही आपल्या घरातलेच आहेत: ‘फकीर’ क्यू घालून लिहिता येतो, ‘कव्वाली’ही येतो. कव्वालीची छापील किंमत 22, आणि सातही टाइल्सची असल्यानं वर 50. कॉलिन्सच्या सुमारे 2,80,000 शब्दांच्या सूचीत लाख आहे, करोड इंग्रजी वळणानं ‘क्रोर’ होऊन आहे, तूप आहे ‘घी’ होऊन, डाळ, रोटी, साडी, धोतर, कुर्ता, लाठी आहे. ‘लाख’ चारच अक्षरांत 11 गुण देतो, कारण के आणि एच दोन्ही त्यात आहेत. भारतीय खेळाडूला ही शिदोरी जन्मतःच मिळालेली असते. ती रॅकवर ओळखण्याची सवय तेवढी लावून घ्यावी.

शब्द ठाऊक असणं म्हणजे काय, हा प्रश्न मात्र नायजेल रिचर्ड्सनं सगळ्यांपुढं टाकला. मूळ न्यूझीलंडचा, राहतो मलेशियात. 2007, 2011, 2013, 2018 आणि 2019 असा पाच वेळा इंग्रजी स्क्रॅबलचा जगज्जेता. 2015 मध्ये तो बेल्जियममधल्या फ्रेंच भाषेच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि जिंकला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. काही आठवड्यांत त्यानं फ्रेंच शब्दसूची डोक्यात उतरवली होती, अर्थाशिवाय. 2024 मध्ये स्पेनमधल्या ग्रानाडाला त्यानं स्पॅनिशमध्येही तेच करून दाखवलं. त्याच्या स्मरणशक्तीपुढं हात जोडावेत अशीच ती आहे. तरी साध्या खेळाडूनं त्याचं अनुकरण करू नये असं मला वाटतं. आपल्यासारख्यांना शब्द लक्षात राहतो तो अर्थाला धरूनच. ‘टिझान’ हा काढा आहे हे एकदा कळलं की ती सहा अक्षरं विसरत नाहीत.

भाषा बदलली की अक्षरांचा बाजारभावही बदलतो. इंग्रजीतला दहा गुणांचा झेड पोलिश संचात एका गुणाचा आहे आणि त्याच्या पाच टाइल्स आहेत. फ्रेंचमध्ये के आणि डब्ल्यू दहा-दहा गुणांचे. स्पॅनिश संचात सी-एच, दोन एल आणि दोन आर अशा जोड्यांना स्वतंत्र टाइल्स आहेत, कारण त्या भाषेत तो एकच वर्ण मानला जायचा. मग मराठीत हा खेळ मांडायचा तर टाइल कशाची करायची?

अक्षरांची उलथापालथ आपल्याला नवी नाही. वाल्या कोळ्याच्या ‘मरा मरा’तून ‘राम राम’ उमटलं, हे आपण लहानपणीच ऐकतो. रवीचा वीर होतो, नदीची दीन होते. पण इथं आपण मात्रेसकट अक्षर उचलतो आहोत. टाइल तशीच मात्रेसकट करायची ठरवली, तर चौतीस व्यंजनं गुणिले बाराखडीची बारा रूपं म्हणजे 408 प्रकारच्या टाइल्स, जोडाक्षरं वेगळीच. पिशवीत हात घालून सात काढल्या तर त्यांचा शब्द जुळण्याची आशाच नको. म्हणून मला दुसरा मार्ग पटतो: टाइल व्यंजनाची, आणि मात्रा खेळाडूनं हवी ती द्यायची. क, म, ल एवढ्या तीन टाइल्स घेतल्या तर कमल, कलम, कमाल, मालक, कोमल, मुकुल आणि मुलकी, इतके शब्द समोर उभे राहतात. तीन अक्षरांतून एवढं पीक इंग्रजीत येणं कठीण.

किमती ठरवायला बट्ससारखं पान घेऊन बसावं लागेल. र, त, न, क, ल, स हे आपले एका गुणाचे मानकरी ठरतील असा माझा कयास आहे. ढ आणि झ वरच्या भावात जातील. ङ आणि ञ तर वगळलेलेच बरे. ळ आणि ण यांची गंमत वेगळी. त्यांच्यापासून मराठी शब्द सुरू होत नाही, पण शेवटी ळ अगदी मजेत बसतो: फळ, बाळ, काळ, डाळ, नळ, वेळ, खेळ, मूळ. म्हणजे ळ हाती असणारा खेळाडू पटावर मोकळ्या शेवटांच्या शोधात राहील. एस चा पेच आपल्याकडे दुसऱ्या रूपात येतो. घरचं घरे, पानचं पाने, वाटचं वाटा होतं ते निव्वळ मात्रेनं. त्यासाठी टाइलच लागत नाही. मात्र विभक्तीला परवानगी दिली की घरात, घराला, घराचा, घराने असं कुठल्याही नामाला शेपूट फुटेल आणि बट्सनं एस चार टाइल्सवर रोखून जे टाळलं तेच होईल. तेव्हा कोशात मूळ नोंद म्हणून येणारी रूपंच चालतील, अनेकवचनाची मात्रा तेवढी अपवाद, असा नियम हवा. आणि र साठी आणखी एक ठराव आधीच करावा लागेल. ‘सूर्य’ मधला रफार, ‘प्रत’ मधली तिरकी रेघ आणि ‘राष्ट्र’ मधलं काकपद हे एकाच र च्या टाइलनं लिहायचे, की जोडाक्षरातला अर्धा र वेगळ्या टाइलवर, थोड्या जास्त गुणांचा ठेवायचा? मी एकाच टाइलच्या बाजूनं आहे, कारण मग ‘प्रत’ साठी ठेवलेल्या प, र, त याच टाइल्समधून ‘परत’, ‘परात’ आणि ‘परंतु’ही होतात.